दत्ताकाकांचा तिसरा हुक

जन्मात अंडं न खाल्लेला माणूस हरणं मारणाऱ्यासाठी हुक बनवत असेल, तर त्याला तुम्ही काय म्हणाल? मी ढोंगी म्हणाले. तोंडावर म्हणाले. दत्ताकाका म्हणाले, "बरं. जरा हे पकड," आणि माझ्या हातात अ‍ॅल्युमिनियमची पट्टी दिली.

डब्लिनजवळच्या स्वोर्ड्समध्ये त्यांची भिंत आमच्या भिंतीला लागून आहे. पुण्यात बँकेत नोकरी केली, निवृत्त झाले, काकू गेल्या आणि काका लेकीकडे, मृणालकडे, आले. मृणाल बॉल्सब्रिजच्या ऑफिसला निघाली की हे परसातल्या शेडमध्ये शिरतात. पट्टी कापणं, वाकवणं, घासणं सगळं सत्तरीला टेकल्यावर व्हिडिओ बघून शिकले.

धनुष्यबाणाने शिकार करणारे झाडावर फळी बांधून तासन्‌तास दबा धरून बसतात. खोडाला पट्टा आवळायचा, त्यात हुक अडकवायचे, हुकांना धनुष्य आणि पिशवी टांगायची. सगळं पाठीवर वाहून न्यायचं, म्हणून हुक हलका हवा. आयर्लंडमध्ये अशा शिकारीला कायद्यानेच बंदी आहे. म्हणजे काका या देशात कुणालाच नको असलेली वस्तू जीव तोडून बनवतात. हे काम सहसा सरकारं करतात.

"वजन म्हणजे पाप" हे त्यांचं पालुपद. स्वयंपाकघरातला वजनकाटा शेडमध्ये गेला, तो परत आला नाही. हलकं करायचं म्हणून हुकाला भोकं पाडता पाडता हात इतका सुटला की डावाला भोकं, टूथब्रशला भोकं, प्रेसच्या (इकडे कपाटाला प्रेस म्हणतात) मुठीला भोकं. झाडाला मात्र नाही. "ते जिवंत आहे, मोर्चा. त्याला पट्टाच."

मोर्चा म्हणजे मी. आमच्या घरात मूल वर्तमानपत्राआधी पत्रक वाचायला शिकतं, तशी मी शिकले. भाडेवाढीविरुद्धच्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन एकदा शेडमध्ये गेले, तर काकांनी तोही काट्यावर ठेवला.

"क्रांती जड झालीय गं. चार ओळी काढ."

काढल्या. पत्रक सुधारलं. हे त्यांना कुणी सांगायचं नाही.

धनुष्य त्यांच्याकडे नाही. म्हणून हुकाची परीक्षा समोरच्या हिरवळीवरच्या बर्च झाडावर, भरलेला कुकर टांगून. पहिले कित्येक हुक सरळ झाले आणि सार्वजनिक गवताने वरण प्यायलं. पलीकडची मॉरीन कुत्र्याला फिरवता फिरवता थांबली आणि मला म्हणाली, "युअर मॅन जेवण झाडावर का टांगतो?" (युअर मॅन म्हणजे इकडे ‘तो माणूस’, नवरा नव्हे.)

"त्यांच्याकडे तशी पद्धत आहे," मी म्हणाले.

"ग्रँड," म्हणाली आणि गेली. या देशात ग्रँड म्हटलं की विषय संपतो.

माझा संपला नव्हता. काका हुकाच्या टोकावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवत होते.

"हे कशाला?"

"धातूवर धातू वाजला तर हरीण पळेल."

"पळू दे की! काका, रबर लावूच नका. कुणाला कळणार नाही."

"कामात खोट ठेवू?" काका तापले. "त्यापेक्षा तुझ्यासारखी पत्रकं नाही का छापणार!"

"मग कुणासाठी करताय हे पाप?"

काका घासत राहिले. सांगितलं ते मृणालने, चहाला बोलावून. तिचा धाकटा भाऊ निखिल अमेरिकेत असतो. त्याने पहिलं हरीण मारलं आणि फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. नेमका कार्तिकी एकादशीला. काका साबुदाण्याच्या खिचडीवरून उठले, ‘तू माझा कुणी नाहीस’ असं लिहून ग्रुपमधून बाहेर पडले. पुढच्या वर्षी निखिल झाडावर एका हातात धनुष्य धरून दुसऱ्या हाताने पिशवी ओढताना घसरला. गळपट्टीचं हाड मोडलं. बातमी ऐकून काका एवढंच म्हणाले, "दोन्ही हात मोकळे हवेत त्याचे." दुसऱ्या दिवशी शेडमध्ये शिरले.

हुक मृणाल पाठवते, स्वतः विकत घेतले असं सांगून. ही काकांची अट.

मी शेडमध्ये परत गेले. ढोंगी हा शब्द परत घ्यायचा होता, पण आमच्याकडे तशी पद्धत नाही. म्हणून हुकांकडे बघत बसले. एका पट्ट्यावर तीन होते.

"धनुष्याला एक, पिशवीला एक. हा तिसरा?"

"फोनला."

"याला रबर राहिलं की."

"राहिलं नाही. लावलं नाही." काका काट्याकडे बघत बोलले. "रविवारी मी फोन करतो त्याला. उचलत नाही. फोन आवाज बंद करून ठेवतो तो, शिकारीत ठेवतातच. पण थरथरेल ना? उघड्या धातूवर थरथरला की खणखणेल. बघावं तर लागेल, कुणाचा आहे."

"आणि हरीण?"

"पळेल." काका पहिल्यांदा हसले. "तुझ्या पत्रकांनी पळालं असतं का?"

मागच्या आठवड्यात निखिलचा मृणालला मेसेज आला. ‘हुक एक नंबर. फक्त तिसरा वाजतो. काढून टाकला.’

तिने तो काकांना वाचून दाखवला. काका "बरं" म्हणाले. मग उठून नवी पट्टी कापायला घेतली. तिसरा हुक पुन्हा बनवला, पुन्हा बिनरबराचा. काट्यावर ठेवला, मान हलवली, आणखी एक भोक पाडलं.

हे कुणाला सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलंय. पण अन्याय दिसला की छापायचं, एवढंच मला येतं. म्हणून हे पत्रक समजा आणि पुढे द्या. तुमच्या ओळखीत अमेरिकेतल्या जंगलात झाडावर बसणारा एखादा मराठी मुलगा असेल, तर त्याला सांगा: तिसरा हुक परत लाव. फोन त्याला टांग. आणि रविवारी तो खणखणला, तर हरीण जाऊ दे, फोन उचल.