भिवा अस्वल आणि मोरसाहेबांचा गोळा

बाळांनो, एका जंगलात पॉलिमरचा कारखाना होता. जंगलात कारखाना कसा, असं विचारू नका. परवानगी मिळाली होती.

पॉलिमर म्हणजे काय? रसातले सुटे कण एकमेकांचा हात धरून लांबच लांब साखळी करतात, ते. हात धरायला लावणारं एक औषध असतं. ते रिॲक्टर नावाच्या बंद पातेल्यात थेंबथेंब सोडायचं, ढवळत राहायचं आणि बाहेरून गार पाणी फिरवायचं. घाई केली तर रस तापतो आणि सगळी बॅच जागीच गोठते.

हे काम भिवा अस्वल तीस वर्षं करत होता. रिॲक्टरच्या पोटावर पंजा ठेवला की आत काय चाललंय ते त्याला कळे. तीस वर्षांत त्याची एकही बॅच गोठली नव्हती. बिचाऱ्याला तेवढाच काय तो अभिमान.

एके दिवशी मॅनेजर मोरसाहेब पिसारा सावरत आले.

“भिवा, दुपारी वनराज येताहेत. बॅच तयार पाहिजे.”

“साहेब, आठ तास लागतात. गुडघ्याला बाशिंग बांधून साखळी होत नसते.”

“जुनाटच राहिलास बघ तू!” असं म्हणून साहेबांनी औषधाचा अख्खा कॅन आत ओतला.

भिवाने पंजा ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. “पळा रे सगळे!” तो ओरडला. सगळे पळाले. सर्वांत पुढे मोरसाहेब होते. भिवा मात्र गार पाण्याचे सगळे नळ पूर्ण उघडून तिथेच उभा राहिला. स्फोट टळला, पण आतली ढवळणी कण्हली, अडली आणि बंद पडली. भिवाला रडूच कोसळलं.

दुपारी वनराज आले. झाकण उघडलं. आत हत्तीएवढा गोळा! वनराजांनी नख मारून पाहिलं. ओरखडाही उठेना.

“हे काय?”

“महाराज, जंगलातला सर्वांत मोठा अखंड पॉलिमर,” मोरसाहेब म्हणाले.

वनराज खूश झाले. मोरसाहेबांना तिथल्या तिथे शाल-श्रीफळ मिळालं. मग वनराज भिवाकडे वळले.

“आणि तू रे? तीस वर्षांत काय केलंस?”

“काही होऊ दिलं नाही, महाराज.”

“तेच म्हणतोय मी.”

दुसऱ्या दिवशी मोरसाहेब ‘सुरक्षित उत्पादन’ या विषयावर भाषण द्यायला राजधानीला गेले. भिवा छिन्नी-हातोडा घेऊन रिॲक्टरमध्ये उतरला.

तात्पर्य : काम चोख करावं, पण अधूनमधून काहीतरी मोठं बिघडवावं. त्याशिवाय आपण कामावर आहोत हे वरच्यांना कळत नाही. निस्तरायला एखादं अस्वल असतंच. ते आपण नसलो म्हणजे झालं.