पंख्याच्या वाऱ्यावर चाललेलं जहाज

"जहाज किनाऱ्याला लागेपर्यंत या घरात लग्नाचा विषय निघणार नाही," असं कप्तानांनी जाहीर केलं, तेव्हा जहाज महासागराच्या मधोमध होतं आणि चष्मेवाला सोफ्याच्या कडेवर. बिचारा आपलं चष्म्याचं दुकान लवकर बंद करून, कप्तानांच्या मुलीला मागणी घालायला म्हणून नवा शर्ट घालून आला होता. हातातला चहाचा कप तसाच धरून तो "बरं काका" म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

कप्तान हे नाव काही त्यांना समुद्राने दिलेलं नव्हतं. उभं आयुष्य त्यांनी पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासण्यात घालवलं होतं. पाण्याशी संबंध होता, नाही असं नाही, पण तो अर्ध्या इंचाच्या नळातून येणाऱ्या पाण्याशी. होडीचं सोडाच, बागेतल्या झोपाळ्यावर बसले तरी त्यांना मळमळायचं. पण निवृत्तीनंतर माणसाला धरायला काहीतरी लागतं. कुणी गुडघे धरून बसतं, कुणी सुनेला धरतं. कप्तानांनी जहाज धरलं.

तीनशे वर्षांपूर्वीच्या एका शिडाच्या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती कुणा हौशी लोकांनी बांधली होती. लाकूड तसंच, तीन डोलकाठ्या तशाच, इंजिनाचं नाव नाही. ते महासागर ओलांडून, इथून बसने काही तासांवर असलेल्या बंदरात येणार होतं. ते कुठवर आलं हे मोबाइलवरच्या नकाशात एका लाल ठिपक्यावरून कळायचं. कप्तान रोज सकाळी ठिपका बघायचे आणि संध्याकाळी बागेतल्या बाकावर जमणाऱ्या निवृत्त मंडळींना सांगायचे, "काल आम्ही चांगली मजल मारली." या 'आम्ही'वर वैतागूनच बाकावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी त्यांना कप्तान म्हणायला सुरुवात केली. टोमणा होता तो. कप्तानांनी तो पदवी समजून घेतला.

पुढे त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, डोळा स्थिरावला की नवा नंबर काढू, तोवर वाचन बंद. झालं. लाल ठिपका दिसेना. बायको म्हणाली, "मला तुमचं ते होडकं बघायला वेळ नाही." मुलगी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती, आणि लग्नाचा विषय बंद झाल्यापासून तिने जहाजाचा विषयही बंद केला होता. उरला चष्मेवाला. दुकान बंद करून जाता जाता तो रोज संध्याकाळी यायचा, कप्तानांचा मोबाइल हातात घ्यायचा आणि जहाज कुठे आहे ते वाचून दाखवायचा. तेवढाच त्या घरात बसायला हक्काचा सोफा.

आणि नेमका वारा पडला.

ठिपका हलेना. आज नाही, उद्या नाही, परवाही नाही. इकडे मुख्याध्यापकांनी बाकावर सांगून टाकलं की त्यांचा पुतण्या महिनाअखेर रजेवर येतोय, परदेशात चांगल्या हुद्द्यावर आहे, कप्तानांची मुलगी बघायला म्हणून घेऊन येतो. कप्तान नाही म्हणाले नाहीत. हे चष्मेवाल्याच्याही कानावर आलं. जहाज असंच खोळंबलं तर पुतण्या विमानाने आधी पोचणार, हे सांगायला नकाशा कशाला लागतो?

त्यात कप्तानांनी घरातला पंखा बंद केला.

"तिकडे ती माणसं वाऱ्याच्या झुळकेला महाग झालीयेत," ते म्हणाले, "आणि आपण इथे पंख्याखाली लोळायचं?"

"त्यांना काय कळणारे हो आपला पंखा चालू आहे ते?" बायको म्हणाली.

"माणसाला माणसाचं कळायला हवं."

"मग मलाही माणसात धरा की. घामाने निथळतेय मी."

कप्तान ऐकणाऱ्यातले नव्हते. चष्मेवाला येऊन बसला. घाम कपाळावरून भुवईत, भुवईतून त्याच्याच दुकानातल्या चष्म्यावर. समोर काकू पदराने वारा घेत त्याच्याकडे अशा बघत होत्या, की जणू वारा त्यानेच अडवून धरलाय. त्याने मोबाइल उघडला. ठिपका तिथेच. त्याने काकूंकडे पाहिलं, बंद पंख्याकडे पाहिलं, आणि तोंडातून निघून गेलं, "काका, वारा सुटला."

"सुटला? किती सरकलं?"

"बरंच."

"लावा पंखा," कप्तान म्हणाले.

काकूंनी त्या दिवशी त्याला न मागता दुसरा कप चहा दिला. खोट्याचं असं असतं, पहिल्या दिवशी ते पाहुण्यासारखं येतं आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्यालाच त्याची सरबराई करावी लागते. दुसऱ्या संध्याकाळी जहाज थांबलंय म्हणावं तर पंखा बंद होणार. म्हणून ते आणखी सरकलं. तिसऱ्या संध्याकाळी त्याला पुतण्या आठवला, म्हणून ते जरा जास्तच सरकलं. बाकावर मुख्याध्यापकांनी विचारलं, "शिडाच्या जहाजाला एवढा वेग?" कप्तान तो प्रश्न घेऊन घरी आले, आणि चष्मेवाल्याला एक वादळ उभं करावं लागलं. वादळ पाठीमागून आलं, कुणाला इजा न करता जहाजाला ढकलून निघून गेलं. इतकं सोज्वळ वादळ कप्तानांना मनापासून आवडलं.

मुलीने आपल्या मोबाइलवर एकदा सहज पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती थेट दुकानात येऊन काउंटरपाशी उभी राहिली.

"जहाज जिथल्या तिथे आहे."

"हो."

"आणि बाबा म्हणतात बंदर जवळ आलं."

"तुझी आई घामाने..." चष्मेवाला बोलायला लागला आणि मध्येच थांबला. "खरं सांगू? तो पुतण्या येतोय. मला भीती वाटली."

रोज लोकांच्या शिरा शोधणारी मुलगी, तिला कळत होतं की हा घाबरलाय आणि आपल्यासाठीच घाबरलाय. "आता जहाज मागे नेता येणार नाही," ती म्हणाली. "आणि बाबांना नवा चष्मा मिळाला, की आधी ते नकाशाच बघतील."

चष्मेवाल्याने मान वर करून आपल्याच दुकानाच्या पाटीकडे पाहिलं. 'आज माप, उद्या चष्मा.' बापजाद्यांपासूनचा शब्द होता तो. त्या आठवड्यात त्याने तो मोडला. डॉक्टरांनी दिलेला नंबर कप्तानांनी हौसेने त्याच्या हातात ठेवला, आणि काच यायची आहे, काच आली पण चरा गेलाय, काच बरी आहे पण फ्रेम बसत नाही, असं करत तो होणाऱ्या सासऱ्याला धूसर ठेवत राहिला. लोकांना दिसावं म्हणून दुकान काढलेला माणूस, पण वेळच तशी आली होती.

शेवटी एका संध्याकाळी जहाजाला बंदरात आणण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. चष्मेवाल्याला वाटलं, आता लागलं किनाऱ्याला, सुटलो. पण कप्तान सोफ्यावरून उठून उभे राहिले.

"उद्या सकाळची बस," ते म्हणाले. "तू माझ्याबरोबर चल. मला दिसत नाही, तू दाखव."

बाकावरची मंडळीही निघाली असती, पण कुणाचे गुडघे, कुणाची साखर, असं म्हणता म्हणता दोघंच उरले. मुख्याध्यापक तेवढे म्हणाले, "फोटो आणा. बघू तुमचं जहाज." बसमध्ये कप्तानांना अपेक्षेप्रमाणे मळमळलं. खिडकीशी बसून, हातात पिशवी धरून, पिवळ्या चेहऱ्याने ते म्हणाले, "खलाशांना हे रोजचंच." त्यांचा तो चेहरा बघून चष्मेवाल्याला इतकं अपराधी वाटलं, की मधल्या थांब्यावर उतरून पळून जावं. पण जाणार कुठे?

धक्क्यावर माणसं थोडी, वास फार. शिडाचं जहाज नव्हतंच, ते कुठून असणार? समोर एक गंजलेली, गाळ काढायची बोट उभी होती. तिला ओझी उचलायची एक उंच यारी, आणि यारीपासून टोकापर्यंत बांधलेल्या दोरीवर कामगारांनी चादरी वाळत घातल्या होत्या. वाऱ्याने त्या फुगल्या होत्या. चष्मेवाल्याने डोळे मिटून तिच्याकडे हात केला. "ते बघा काका. शिडं उभारलेलीच आहेत."

कप्तान कठड्याला धरून पुढे वाकले. डोळे बारीक केले. "डोलकाठ्या तीन ना? मला एकच दिसतेय."

"बाकीच्या दोन तिच्या मागे आहेत. एका रेषेत."

"आणि शिडावर फुलं कसली?"

"त्या काळी असायची."

कप्तानांनी हात जोडल्यासारखे केले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही ऑपरेशनचं नव्हतं. एवढ्यात मागे स्टुलावर बसलेला धक्क्यावरचा रखवालदार म्हणाला, "आजोबा, काय एवढं बघताय त्यात? गाळाची बोट आहे ती. चादरी वाळत घातल्यात लोकांनी."

चष्मेवाला तिथेच कठड्यावर टेकला आणि सगळं सांगून मोकळा झाला. पंखा, वादळ, पुतण्या, चरा न गेलेली काच. "तुमची मुलगी मला गमवायची नव्हती, काका," तो म्हणाला. "जहाज अजून मध्येच आहे. चुकलं माझं." कप्तानांनी सगळं ऐकून घेतलं, पिशवी उचलली आणि बसकडे चालू लागले. परतीच्या वाटेवर त्यांना मळमळलंसुद्धा नाही, इतके ते गप्प होते. चष्मेवाल्याने मनातल्या मनात तो सोफा, ती मुलगी, काकूंचा चहा, सगळ्यांचा निरोप घेतला.

बस उभी राहिली तेव्हा बाकावरची मंडळी थांब्यावर हजर होती. सगळ्यांच्या पुढे मुख्याध्यापक.

"काय कप्तान, दिसलं का जहाज? की आलात हात हलवत?"

कप्तान पायरीवरच थांबले. खाली सगळी माणसं मान वर करून बघत होती. इतक्या माणसांनी एकदम त्यांच्याकडे मान वर करून बघण्याचा प्रसंग नोकरीत कधी आला नव्हता.

"दिसलं का?" ते म्हणाले. "वर चढून आलो."

चष्मेवाल्याचा हात बसच्या दांडीवरून सुटला.

"काय सांगता," मंडळींतून कुणी म्हणालं.

"त्यांच्या कप्तानाने स्वतः हात दिला. म्हणे, तुमच्यासारखा माणूस पहिल्या दिवसापासून आमच्याबरोबर आहे, हे कानावर आलं होतं. तीन डोलकाठ्या. शिडावर फुलं. त्या काळी असायची."

"फोटो?" मुख्याध्यापक म्हणाले.

"इंजिनसुद्धा नाही त्या जहाजावर, आणि तुम्ही फोटो काढायला निघालात? असल्या ठिकाणी माणसाने डोळ्यांनी बघावं."

"पण तुम्हाला तर दिसत नाही."

कप्तानांनी मागे वळून पाहिलं. चष्मेवाल्याला वाटलं, आता सगळं बाहेर येणार. पण कप्तानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "यांना दिसतं की. हेच होते बरोबर. सांगा हो जावईबापू, चढलो की नाही आपण वर?"

मुख्याध्यापकांचा चेहरा पुतण्यासकट उतरला. "चढलो," चष्मेवाला म्हणाला. "तुम्ही आधी, मी मागून."

घरी पोचताना, जिन्यात, कप्तान हळूच म्हणाले, "असा साक्षीदार बाहेर मोकळा सोडून चालत नाही. तारीख बघा लवकरची. आणि माझा चष्मा?"

"उद्या," चष्मेवाला म्हणाला.

लग्न झालं, आणि त्यानंतरच्या आठवड्यात खरं जहाज बंदराला लागलं. मुख्याध्यापक पेपर घेऊन घरीच आले. पहिल्या पानावर भला मोठा फोटो होता, तीन डोलकाठ्या, फुगलेली शिडं, आणि शिडांवर एकही फूल नाही. "हे जहाज कालच आलंय, कप्तान," ते म्हणाले. "मग तुम्ही चढलात ते कोणतं?"

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. काकूंचा हात चहा गाळता गाळता थांबला. कप्तानांनी नवा चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला आणि फोटो पार नाकाशी नेऊन बारकाईने पाहिला.

"नक्कल आहे," ते म्हणाले.

मुख्याध्यापकांनी पेपर परत घेतला आणि बातमी पुन्हा वाचली. पहिल्याच ओळीत 'हुबेहूब प्रतिकृती' असंच लिहिलं होतं.

"काय जावईबापू?" कप्तान सोफ्याकडे वळून म्हणाले.

"आपण पाहिलं ते अस्सल होतं, बाबा," चष्मेवाला म्हणाला, आणि काकूंनी बाहेर येऊन पंखा वाढवला.