पूल बुडाला त्याची हकीकत

श्री वीजदेवता प्रसन्न. ज्या घरी दिवा लागतो आणि लागलेला टिकतो, त्या घरास दुरून नमस्कार करून लिहिणार लिहितो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमीचा सण. ते दिवशी तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या राज्यात अनर्थ जाहला, तो ऐसा जे, राज्याचे धनी राजश्री पद्माकरराव, पाटबंधारे खात्यातील अभिलेख कक्षाचे कारभारी, यांनी शस्त्रपूजेच्या भरात खेळाचे यंत्र आतून झाडून काढले आणि आठ वर्षे वसवलेले नगर एका बोटाने बुडविले.

यंत्राची मूळपीठिका सांगतो. रावांस कन्या एकच, शाल्मलीबाईसाहेब. त्यांस दहावे वर्ष लागले तेव्हा हे यंत्र, ज्यास मुले कन्सोल म्हणतात, वाढदिवसास आले आणि त्यात नगर वसवावयाचा खेळ होता. परंतु यंत्रास देवनागरी ठाऊक नाही, आणि बाईसाहेबांनी हट्ट धरला की माझ्या गावच्या पाट्या मराठीतच लागतील, नाही तर गावच नको. मग बाजारपेठेतील युनूस मिस्त्री, बहुत कसबी माणूस, त्यांस बोलाविले. मिस्त्रींनी कारखानदाराचा पहारा चुकवून यंत्र फितविले आणि त्यास मराठी लिहावयास लाविले. फितुराची शिक्षा इतकीच की कारखानदाराने आपल्या दप्तरी या यंत्रास ठाव दिला नाही. इतरांच्या खेळाची नक्कल तिकडे सुखरूप राहते, याची राहणार नाही. म्हणोन मिस्त्रींनी आठ दिवस बाईसाहेबांस यंत्र खेळू देऊन पाहिले आणि नखाएवढे मेमरी कार्ड रावांच्या हाती देऊन बोलिले, "साहेब, आज हाय तसं पुरं यंत्र ह्यात उतरवून ठेवलंय. दर वर्साला अशीच नवी नक्कल काढायची. ध्यानात ऱ्हात नसंल तर खंडेनवमी धरा. पूजा करताच की, तेवढ्यात हुतंय." रावांनी बरे म्हटले, आणि मोलाची वस्तू म्हणोन कार्ड देव्हाऱ्यातील कुंकवाच्या करंड्यात ठेविले. त्यावर आठ खंडेनवम्या जाहल्या. दरसाल यंत्रास हळदकुंकू, झेंडूचे फूल, पेढ्याचा नैवेद्य, करंड्यासही एक फूल, सर्व यथासांग केले. नक्कल मात्र एकही वर्ष काढिली नाही.

आता पुलाचे वर्तमान. आरंभी दोन वर्षे राव त्या खेळाकडे फिरकले नाहीत. तिसरे वर्षी स्कूटरवरून पडून पाय मोडला आणि तीन महिने प्लास्टरात घरी बसणे आले, तेव्हा कंटाळून लेकीशेजारी बसिले आणि तेथेच रमिले. मग नदीच्या अलीकडे बाईसाहेबांचे गाव आणि पलीकडे रावांचे, आणि मधे पूल बांधावा ऐसा मनसुबा ठरला. पाच वर्षांत अकरा कमानी उठविल्या. घरात एरवी बापलेकीचे बोलणे म्हणजे जेवलीस का, पोचलीस का, इतकेच. पुलावर मात्र राव मोकळे होत, भांडत, हरत आणि हसत. बारावी कमान मुद्दाम शिल्लक ठेविली होती. यंदा दसऱ्यास बाईसाहेबांनी शिकावयाच्या गावाहून यावे, उभयतांनी कमान पुरी करावी, आणि पुलावरून जोडीने सीमोल्लंघन करावे. कारण त्यापुढे आठवडाभराने बाईसाहेब परदेशी विद्येस जाणार होत्या, तीन वर्षे.

तर नवमीस सकाळी रावांनी मिक्सर पुसला, शिलाईयंत्र पुसले, स्कूटर धुतली आणि कन्सोलवरची धूळ फडक्याने टिपिली. मग मनात आले की बाहेर इतकी धूळ, तर आत किती असेल? राव हयातभर अभिलेख कक्षात, सहा गठ्ठा पद्धतीत मुरलेले. कोणता कागद ठेवावा, कोणता नाशाच्या गठ्ठ्यात टाकावा, यात तालुक्यात हात धरणारा नाही, ऐसी ख्याती. त्यांनी यंत्राचे पोट उघडिले. आत फोल्डरांची रांग, नावे पाहावी तर अक्षरे आणि आकडे यांची नुसती खिचडी, तारखा आठ-आठ वर्षे जुन्या. जे उघडून वाचता येईना आणि वर्षानुवर्षे ज्यास कोणी हात लाविला नाही, ते निरुपयोगी, ऐसा निवाडा करून सर्व गठ्ठा डिलीट केला. नगरही त्याच गठ्ठ्याच्या पोटात होते. यंत्राने दोन वेळा विचारिले, नक्की का? राव दोन्ही वेळा हो म्हणिले. मग यंत्र काळे जाहले. बंद करून चालू केले, पुन्हा केले, झेंडूचे फूल काढून केले, परी काळे ते काळेच. रावांनी तत्काळ मिस्त्रींस निरोप धाडिला.

युनूस मिस्त्री निरोप पोचताच आले. दोन प्रहर खपून त्यांनी पुसलेले उकरून पाहिले, काही हाती लागले नाही. मग पुसिले, "नक्कल कवाची हाय?"

राव बोलिले, "तुम्ही दिलेली. पहिलीच."

"आन् दर वर्साची?"

"पूजा केली दरसाल," राव इतकेच बोलिले, आणि ते बोलताना आपले आपणांस ऐकवेना.

मिस्त्री करंड्यातील कार्ड सदऱ्यास पुसत हळू बोलिले, "साहेब, यंत्र उठंल. गाव न्हाई यायचं. आठ दिवसांचं पोर जेवढं हुतं, तेवढंच परत मिळंल." मग कार्ड घातले, आणि सांजवेळेपूर्वी यंत्र उजळले. मिस्त्रींनी फूल उचलून पुन्हा यंत्रावर ठेविले आणि चहा न घेता गेले. रावांस पडदा उघडून पाहावयाचा धीर जाहला नाही.

दुसरे दिवशी दसरा. दुपारी बाईसाहेब आल्या, आपट्याची पाने बापाच्या हाती दिली, पाया पडल्या, आणि पिशवी खाली ठेवण्यापूर्वीच यंत्र लाविले. पडद्यावर नदी आली. नदीवर काही नव्हते.

"बाबा, पूल कुठाय?"

रावांच्या मनात आले की यंत्रावर ढकलावे, विजेवर ढकलावे. परी जीभ वळली नाही. बोलिले, "माझ्या हातानं गेला. साफसफाई करत होतो. युनूसभाईंनी दरसाल नक्कल काढायला सांगितलं होतं, ते मी एकदाही केलं नाही. शाल्मली, मला माफ कर." बाईसाहेबांचे डोळे भरले, ते पुसिले, आणि त्या पडद्यावर चालत चालत पुढे गेल्या. नदीकाठी मोकळ्या माळावर एकच झोपडी होती. झोपडीच्या दारात एक खुर्ची, आणि खुर्चीस पाटी. वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिले होते: "बाबांची जागा. कोणी बसू नये. ते ऊद्या येनार आहेत."

रावांनी पाटी दोनदा वाचिली. मग पुसिले, "ही कधी लावलीस?"

"पहिल्या आठवड्यात. तुम्ही रोज ऑफिसातून आलात की म्हणायचात, उद्या बसतो. मग पुढं अंगण वाढवलं तेव्हा मीच काढून टाकली." बाईसाहेब किंचित हसल्या, हसू टिकले नाही. "तुम्ही खेळायला आलात तेव्हा ती नव्हतीच. तुम्हाला कुठून दिसणार?"

रावांस पूल गेला याचे दुःख होतेच, ते त्याहून खोल गेले. पाय मोडला नसता तर आपण आलोही नसतो, हे त्यांस त्या पाटीने सांगितले. चष्मा काढून हातात धरिला आणि उघड रडले. बाईसाहेबांनी दुसरा रिमोट त्यांच्या मांडीवर ठेविला. बोलिल्या, "आठवडा आहे बाबा. पूल काही होणार नाही." रावांनी रिमोट घेतला, आपला गडी माळावरून चालवीत झोपडीशी नेला आणि खुर्चीवर बसविला. 

तात्पर्य इतकेच की आठवड्याने बाईसाहेब विमानात बसोन गेल्या. त्या सात दिवसांत नदीवर एक कमान उठली, अर्धीच. हल्ली राव दर रविवारी न चुकता नक्कल काढितात, आणि प्रत्येक नकलेत ती अर्धी कमान तशीच असते. हकीकत घडली तैसी लिहिली, अधिक लिहिणे बरे वाटेना.