पिवळ्या दिव्याच्या भरवशाची हकीकत

श्रीतेजोनिधी प्रसन्न. शके १९४५ शोभननाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, राणीसाहेब चार दिवसांच्या युवराजांसह दवाखान्यातून स्वगृही निघाल्या, ते समयी परिचारिका नलूताई आडव्या येऊन बोलिल्या, "बाईसाहेब, बाळराजे पिवळे दिसतात. उद्या रक्त तपासोन घ्या, निळ्या दिव्याखाली ठेवणे लागेल." राणीसाहेब विज्ञानाच्या पदवीधर, हसोन म्हणाल्या, "दिवाच ना? घरी याहून मोठा आहे." ताई म्हणाल्या, "शिकलेल्यांना सांगावे तरी कसे! मोठा नव्हे हो, निळा." ते मनावर घेतले नाही. आणि महाली पाळण्यावर दोनशे वॅटचा पिवळा बल्ब टांगिला, आणि त्या उजेडात अवघेच पिवळे, म्हणोन युवराजांचे पिवळेपण वाढले ते दिसेना, आणि राजे म्हणाले, "एकवार दाखवून आणू का?" तो राणीसाहेब म्हणाल्या, "तुमचे आपले काहीतरीच." मग तिसरे दिवशी युवराज दूध ओढीनात, हाक मारिता जागे होईनात, तेव्हा धावाधाव जाहली. राजवैद्य कपाळास हात लावोन बोलिले, "अहो, उजेड सलग धार नव्हे, सुटे सुटे स्वार येतात. जैसे ज्याचे कंपन, तैसे त्याचे बळ. कंपन दुप्पट तर बळ दुप्पट. रक्तातली कावीळ फोडावी तर एकेका स्वाराने एकट्याने धडक द्यावी लागते, आणि ते बळ निळ्याचे. पिवळे लाख धाडिले तरी दोघांचे मिळोन एक होत नाही. तुम्ही दिवा मोठा केला, स्वार वाढविले, बळ तेवढेच राहिले." राणीसाहेबांनी मान खाली घातली, हेच सूत्र परीक्षेत लिहोन पुरे गुण घेतले होते. मग रक्त बदलिले, निळे दिवे लाविले, आणि प्राण वाचले. परंतु चौथे महिनी पाठीमागे परात पडली, अवघे घर दचकले, युवराज तेवढे हसतच राहिले. कावीळ मेंदूपर्यंत चढोन कान गेले होते.

येणेप्रमाणे जाहले. लिहिणार ती राणी मीच. वाचणाऱ्यांस विनंती इतकीच की आपल्या शेजारी, वरल्या मजल्यावर, कोणी ओली बाळंतीण असेल तर आज दिवसाउजेडी जावे, खिडकीपाशी मूल घेऊन पाहावे, आणि ती "काही नाही हो" म्हणाली तरी लगेच उठू नये.