पिठातला की गवतातला

वहिनींनी चप्पल उगारली आणि त्यांच्या अहोंनी त्यांचा हात वरच्यावर धरला.

"मारू नकोस. आधी कोण आहे ते तर कळू दे."

"कोण म्हणजे? पाहुणा आहे का तो?"

एवढ्यात पतंग उडून फडताळामागे पसार झाला.

वहिनींचा जीव टांगणीला लागला होता. घरच्या ओव्हनमधले केक त्यांना आता दुकानांना द्यायचे होते, त्यासाठी परवाना हवा होता आणि संध्याकाळी अन्न निरीक्षक स्वयंपाकघर बघायला येणार होते. त्यात हे संकट. अहो संग्रहालयात पतंगांच्या विभागात. त्यातही तोंडापुढे लांब नाक काढून बसणारे पतंग म्हणजे त्यांचा जीव की प्राण. जगात त्यांच्या हजारो जाती आणि कोण कुठल्या कुळातला हे ठरवण्यात माणसाचं अर्धं आयुष्य गेलेलं. घरात मीठ कुठे असतं, ते मात्र अजून ठाऊक नाही.

"एकावरून काही सिद्ध होत नाही," अहो म्हणाले. "पिठातला असेल तर भाऊबंद लपलेले असणार. पांढरी चादर टांगू, समोर दिवा लावू, सगळे आपणहून बाहेर येतील."

वहिनींनी दिवसभर डबे उपसले, पीठ चाळलं. अळी म्हणून औषधालाही सापडली नाही. तरी दिवेलागणीला चादर लागलीच. दिव्याने उकडायला लागलं म्हणून अहोंनी खिडकी उघडली आणि मागच्या गवतातले यच्चयावत पतंग आत लोटले. तेवढ्यात दारावर टकटक झाली.

निरीक्षक थेट चादरीला नाक लावून उभे राहिले. "ताई, हे काय?"

"बाहेरून आलेत हो. आत्ताच."

"सगळे हेच सांगतात." त्यांनी पेन काढलं.

"खरं सांगतेय ती," अहो भिंग घेऊन सरसावले. "हा गवतातला. हाही गवतातला. हे नि पिठातले पूर्वी एकाच कुळात धरायचे, पुढे विद्वानांनी वाटणी करून दिली. कान बघून. यांचे कान पोटाला असतात."

"पोटाला?" निरीक्षक वाकून बघू लागले. पेन खिशात गेलं. वहिनींना जरा धीर आला.

"हा मात्र," अहो म्हणाले, "पिठातला."

वहिनींनी त्यांच्या पायावर जोरात पाय दिला, पण बोलून झालं होतं. पतंगाचं कूळ चुकीचं सांगणं म्हणजे या माणसाला महापाप. केक गेले, परवाना गेला, नवरा तेवढा उरला, असं वहिनींच्या मनात आलं आणि त्यांना आता रडूच कोसळणार होतं.

"झालं तर मग," म्हणत निरीक्षकांनी पुन्हा पेन काढलं.

"थांबा, अजून एक पिठातला आहे," अहो म्हणाले.

"कुठे?"

"तुमच्या कॉलरवर. बाहीवर पण बसलाय एक. दुपारभर कुठे होतात साहेब?"

निरीक्षकांचा आवाज एकदम खाली आला. "पिठाच्या गिरण्या तपासत होतो."

वहिनींनी कमरेवर हात ठेवले. "बाहेर जाऊन कपडे झटकून या बरं. खाण्यापिण्याची जागा आहे ही."

"छे, झटकू नका, नमुना छान आहे," म्हणत अहो डबी आणायला धावले. "मान अजिबात हलवू नका."

"तोवर सही करून टाका," वहिनींनी अर्ज पुढे धरला.

निरीक्षकांनी मान ताठ ठेवून, कागदाकडे न बघताच सही केली.