वर्गाबाहेर उभे राहण्याचा अभ्यासक्रम

माजी विद्यार्थ्याचे यश ही शाळेची कमाई असते आणि त्याचे अपयश हे घरचे वळण असते. या तत्त्वावर जगातल्या सर्व शाळा उभ्या आहेत. आमची शाळाही त्यावरच उभी आहे (पाया खचल्याची तक्रार आहे, पण ती इमारतीच्या मागच्या बाजूपुरती).

या शाळेचे तीन माजी विद्यार्थी वाइन बनवतात, आणि त्या वाइनला परदेशात बक्षीस मिळाले, हे शाळेला वर्तमानपत्रातून कळले. मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी तिघांना आपले म्हणून ओळखले. ओळखायला थोडा वेळ लागला, कारण वर्गात त्यांना फारसे कोणी पाहिलेले नव्हते. तिघेही बहुतेक काळ वर्गाबाहेर उभे असत.

पहिली नाकी. ही सगळ्या गोष्टींचा वास घ्यायची: खडूचा, ओल्या दप्तराचा, सरांच्या स्वेटरचा. दुसरा ढग्या, खिडकीतून आभाळ बघत बसणारा. तिसरा चाट्या. त्याने खोडरबर, पट्टी आणि एकदा प्रगतिपुस्तकाची कड चाखून पाहिली होती (कडू होती, असे त्याचे मत). आज ढग्या द्राक्षमळा बघतो, नाकी तळघरातली पिंपे सांभाळते आणि कोणत्या पिंपातले किती कशात मिसळायचे ते चाट्या ठरवतो. भागीदारीची बोलणी व्हरांड्यातच झाली होती, अंगठे धरून.

सत्कार करायचा ठरला. अडचण एकच होती, मुलांसमोर ‘वाइन’ म्हणायचे कसे? समितीने दोन बैठका घेऊन तोडगा काढला आणि फलकावर लिहिले: ‘द्राक्षांच्या उच्च शिक्षणातील भरीव कार्याबद्दल’. पालकांनाही ते आवडले. द्राक्षेसुद्धा पुढे शिकतात, मग आपल्या बंड्याला काय धाड भरलीय, असे एक आई म्हणाल्याचे ऐकिवात आहे.

सत्काराआधी कार्याची खात्री करून घेण्यासाठी समिती तळघराला भेट द्यायला गेली. नाकीने पेले मांडले आणि प्रत्येकाच्या पायाशी एक बादली ठेवली.

“सर, चव घ्यायची आणि यात थुंकायचं,” ती म्हणाली.

“थुंकायचं?” मुख्याध्यापक ताठ झाले. “अगं, आपल्या शाळेच्या भिंतीवर काय लिहिलंय, विसरलीस?”

समिती शिस्तीची होती. तिने एक थेंबही थुंकला नाही. बादल्यांमध्ये सोबत आणलेले पुष्पगुच्छ ठेवण्यात आले. चौथ्या पेल्यानंतर समितीने शाळेची प्रार्थना म्हटली, सहाव्यानंतर ती तालात म्हटली, आणि इतिहासाच्या बाईंनी एका पिंपाला “किती मोठा झालास रे!” म्हणून जवळ घेतले.

अहवाल मात्र शुद्धीवर येऊन लिहिला. त्यातला युक्तिवाद बिनतोड होता. तिघे यशस्वी झाले. तिघांना वर्गातले काही येत नव्हते. तिघे व्हरांड्यात उभे होते. म्हणजे यशाला कारण व्हरांडा. पुढच्याच सोमवारपासून ‘वर्गाबाहेर उभे राहणे’ हा अभ्यासक्रम सुरू झाला.

पालकांची झुंबड उडाली. “सर, आमच्या बाळालाही बाहेर काढा ना!” एक बाबा हात जोडून म्हणत होते. “स्वभावानं गरीब आहे हो, पण आम्ही घरी सवय लावतोय. काल त्यानं स्वतःहून मोज्याचा वास घेतला.” बागेकडच्या व्हरांड्यासाठी प्रवेशपरीक्षा ठेवावी लागली. तिच्या शिकवण्या निघाल्या. महिन्याभरात व्हरांडा इतका भरला की तिथे शांतता राखण्यासाठी शिक्षक नेमले, फळा लावला, बाके टाकली. जी मुले तिथेही वासाच्या तासाला आभाळ बघत, त्यांना शिक्षा म्हणून वर्गात पाठवत.

आता सत्कार. नाकी यायला तयार नव्हती. मग एकदम तयार झाली. कारण तिची मुलगी याच शाळेत पहिलीत होती, आणि मुलगी कान लावायची. बाकाला, पाण्याच्या टाकीला, शेजारणीच्या पोटाला. तळघरात ती आंबत ठेवलेल्या पिंपाला कान लावून “आई, हा अजून बडबडतोय” असे सांगे, आणि नाकी त्या पिंपाला आणखी थोडे दिवस देई. शाळेत मात्र तिला पहिल्या बाकावर हात बांधून बसवले होते. नव्या अभ्यासक्रमात नाक होते, जीभ होती, ऐच्छिक म्हणून आभाळ होते. कान नव्हता. आठवडाभर ती घरीही हात बांधूनच जेवायला बसत होती. आईने घास भरवायला घेतला, तेव्हा कुठे एक हात सोडला, तोही विचारून.

नाकीला बोलायला दोन मिनिटे दिली होती. तिने स्मृतिचिन्ह टेबलावर ठेवले.

“मला हे नको, सर. माझ्या मुलीला कान लावू द्या, एवढंच मागायला आलेय.”

मुख्याध्यापक मनाने मऊ होते. “अगं, देऊ की! आजच देऊ. फक्त कशासाठी ते सांग. कान लावून पुढं काय होता येतं?”

“माहीत नाही.”

“अंदाजे?”

“सर, ती सहा वर्षांची आहे.”

सभागृह हळहळले. परदेशात बक्षीस मिळवलेली बाई, आणि पोरीच्या भवितव्याचा काही विचारच नाही! पुढच्या रांगेतल्या एका आजीने पदर डोळ्याला लावला.

“विचार करून सांग,” मुख्याध्यापक समजुतीने म्हणाले. “शाळा कुठं पळून जात नाही.”

नाकी खाली उतरली. पहिल्या रांगेतून तिने मुलीला उठवले, तिचे बांधलेले हात सोडवले आणि दोघी बाहेर पडल्या. शाळेच्या पटावरून एक नाव कमी झाले (मुलीचा भावी सत्कार करण्याचा हक्क शाळेने राखून ठेवला आहे).

दार मागे बंद झाले. जाड, लाकडी दार. मुलगी थांबली आणि तिने दाराला कान लावला. आईनेही वाकून शेजारी कान लावला. आत पुढच्या सत्कारमूर्तीसाठी टाळ्या सुरू झाल्या होत्या.

“आई,” मुलगी कुजबुजली, “आत पाऊस पडतोय.”

दोघी तो थांबेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. कुणी त्यांना बाहेर काढले नव्हते.

आता ही मुलगी पुढे कोण झाली, हे जाणून घ्यायला तुम्ही उत्सुक असाल. ती अजून सहाच वर्षांची आहे. समितीत एक जागा रिकामी आहे. वेगळा अर्ज करायला नको, तुमच्या मनात हा प्रश्न आला तेवढी पात्रता पुरे.