माणकाची भाऊबंदकी

विश्वेश्वररावांनी खरं म्हणजे अंगठी घेऊन सरळ घरी यायचं होतं. संध्याकाळी चामराजपेटच्या राहत्या घरात त्यांच्या आश्लेषाचा साखरपुडा होता आणि जावयाची अंगठी गुरुराज सोनाराकडून आणणं, एवढंच काम श्यामलाबाईंनी नवऱ्यावर सोपवलं होतं. अंगठीतलं सोनं मुलीकडचं, पण माणिक होणाऱ्या विहीणबाईंनी, वसुमतीबाईंनी, दिलेलं. त्या पुण्याच्या, मुलाच्या नोकरीमुळे आता इथं याच शहरात, बनशंकरीत राहणाऱ्या. "आमच्या प्रणीतच्या पत्रिकेत रवी फार वीक आहे. माणकाशिवाय साखरपुडा नाही," असं त्यांनी स्वच्छ बजावलं होतं.

विश्वेश्वरराव अंगठी खिशात टाकून आधी शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत गेले. तिथं धार लावायची चाकं बनवण्याचा त्यांचा छोटा कारखाना होता. ही चाकं कुरुंदाची, आणि माणिकही मुळात कुरुंदच. उभा जन्म चाकं विकलेल्या माणसाला ही सोयरीक चारचौघांत सांगितल्याशिवाय राहवतंय थोडंच?

"बघा रे," त्यांनी कामगारांना गोळा केलं. "हे माणिक आणि हे आपलं चाक, एकाच रक्ताची. चाक लोखंड खाईल, पण याला स्वल्पही धक्का लावणार नाही. घरचं माणूस आहे!"

आणि त्यांनी अंगठी फिरत्या चाकाला टेकवली.

दोन भाऊबंद इतके जवळ आले की काय होतं, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. चर्र झालं, धूळ उडाली आणि अंगठीत डाळीच्या सालाएवढं काहीतरी उरलं. धूळ लालसुद्धा नव्हती, पांढरी होती, याचं त्यांना अधिकच वाईट वाटलं.

ते तडक गुरुराजकडे आले. "दुसरं माणिक बसव. आत्ताच्या आत्ता!"

"अण्णा, तसलं माणिक संध्याकाळच्या आत कुठून आणू?"

"कुरुंदच ना रे ते? माझ्याकडे पोत्यांनी पडलाय!"

"कुरुंद शिजताना त्यात क्रोमियमची चिमूट पडली, तर माणिक. नाही पडली, तर विळीला धार लावायचा दगड. शिवाय उजेड आरपार जायला पाहिजे. आणि मुख्य म्हणजे, शेजाऱ्याकडे नसलं पाहिजे. नाहीतर चमकते की गारगोटीसुद्धा. तिला कोण बोटात घालतं?"

एवढ्या ज्ञानातून विश्वेश्वररावांनी 'विळीचा दगड' तेवढा उचलला. पीण्याला परत जायचं तर वाटेतल्या ट्रॅफिकमध्येच साखरपुड्याची वेळ टळली असती. घर मात्र जवळ होतं, आणि घरात मोरीपाशी पणजीच्या वेळचा कुरुंदाचा दगड होता.

आश्लेषा स्वयंपाकघरात आली तेव्हा वडील हातोडा घेऊन बसले होते.

"अप्पा, हे काय करताय?"

त्यांनी सगळं सांगितलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "प्रणीतची आई या माणकापायी अडून बसली होती. आता लग्न मोडलं तर?" लेकीच्या सुखापुढे पणजीचा दगड काय चीज! विश्वेश्वररावांनी हातोडा हाणला आणि उडालेली कपची अंगठीत बसवून घ्यायला गुरुराजकडे धाव घेतली.

संध्याकाळी प्रणीतच्या बोटात अंगठी गेली. वसुमतीबाई वाकून बघत राहिल्या. अंगठीत मातकट तांबूस खडा होता.

"हे काय? माणिक कुठंय?"

"विहीणबाई," विश्वेश्वरराव पुढे होऊन म्हणाले, "तुमचं माणिक कारखान्यात आपल्या कुळात विलीन झालं. हा त्या कुळातला मूळ पुरुष."

"पण चमकत नाही तो!"

"मूळ पुरुष कधी चमकतात? वंशज चमकतात."

"असा आणखी कुणाकडे आहे?"

"आख्ख्या बनशंकरीत कुणाच्या बोटात सापडला, तर माझं नाव बदला."

वसुमतीबाईंनी समाधानानं मान डोलावली आणि लेकाची अंगठी आपल्या कपाळाला लावली. आश्लेषानं लगेच पेढ्यांचं ताट पुढे केलं.

जेवणं झाल्यावर स्वयंपाकाची तारीफ करायला वसुमतीबाई आत गेल्या, तर श्यामलाबाई दुसऱ्या पंगतीच्या कोशिंबिरीसाठी विळी घाशीत बसलेल्या. दगडाचा एक कोपरा ताजा फुटलेला. वसुमतीबाईंनी कोपरा पाहिला आणि त्या थबकल्या. दारात विश्वेश्वरराव घामानं निथळत होते. झालं, मोडलं लग्न!

"अक्का," वसुमतीबाईंनी दगडाकडे बोट दाखवलं, "हा... एवढा मोठा? आणि तुम्ही त्याच्यावर विळी घासता?"

"आमच्याकडे चार पिढ्या ह्याच्यावरच घासतात," श्यामलाबाईंनी खरं तेच सांगितलं.

"प्रणीत!" वसुमतीबाई बाहेर बघून ओरडल्या. "खानदान म्हणतात ते हे! काय श्रीमंती आणि काय साधेपणा!" मग त्या श्यामलाबाईंकडे वळल्या. "पण आता हा असा मोरीपाशी ठेवायचा नाही हं. उद्याच्या उद्या लॉकरमध्ये."

लग्न थाटात झालं. दगड लॉकरमध्ये आहे, कारण विहीणबाई अजून मधूनमधून चौकशी करतात. श्यामलाबाईंना मात्र दुसऱ्या कुठल्याही दगडाची धार पसंत पडत नाही. महिन्यातून एकदा त्या विळी वर्तमानपत्रात गुंडाळून बँकेत जातात. लॉकरच्या खोलीतून घस् घस् आवाज आला की आता तिथं कुणी मान वर करून बघतही नाही.

गेल्या खेपेला मॅनेजरबाई स्वतः आत आल्या. श्यामलाबाई दचकल्या. मॅनेजरबाईंनी दार लोटलं, पर्समधून भाजीची सुरी काढली आणि हळूच पुढे केली.

"अक्का, स्वल्प हिलाही."